उशिरा आलेल्या देशासाठी डब्ल्यूटीओचं दार कसं उघडतं?

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि बेदाणा बाहेर पाठवणाऱ्या एका तरुण निर्यातदाराचा प्रश्न आहे: इराक, इराण यांच्यासारखे आमचे गिऱ्हाईक देश डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बाहेर आहेत असं कळलं. असे देश आत येतात ते नेमके कसे? अर्ज दिल्यावर पंधरा-वीस वर्षं का लागतात? आणि ते आत आले, तर आमच्या मालाला तिथली वाट मोकळी होईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आपोआप होणार नाही. अमुक देश सभासद झाला ही बातमी तुमच्या फारशी कामाची नाही. आत येताना त्याने जकातीच्या तक्त्यात हळदीच्या ०९१०३० आणि बेदाण्याच्या ०८०६२० या कोडांच्या ओळींसमोर कोणता आकडा लिहून दिला, तो तुमच्या कामाचा. ती वीस वर्षं आणि ते हजारो पानांचे कागद अशाच आकड्यांपायी आणि त्यांच्या भोवतालच्या अटींपायी खर्ची पडतात.

मुळात सगळे देश एकाच दराने आत आलेले नाहीत, हे लक्षात घ्या. भारत जुना सभासद. १९४७ मध्ये गॅट हा डब्ल्यूटीओच्या आधीचा व्यापार करार करणाऱ्या २३ देशांत तो होता, ८ जुलै १९४८ पासून करार आपल्याला लागू झाला आणि १ जानेवारी १९९५ ला डब्ल्यूटीओ सुरू झाली तेव्हा आपण आत होतोच. आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या अनेक वसाहती स्वतंत्र झाल्यावर गॅटच्या कलम २६ मधल्या एका सोयीने, जुन्या राज्यकर्त्या देशाच्या शिफारशीवर, जवळजवळ काही न देता सभासद झाल्या. १९९५ नंतर आलेल्यांना ही सोय नाही. कारखाना उभा राहत असताना शेअर घेतलेला ऊस उत्पादक आणि कारखाना जोरात चालू झाल्यावर शेअर मागायला आलेला ऊस उत्पादक यांच्यात जो फरक असतो, तोच इथे आहे. फक्त इथे शेअरची किंमत पोटनियमात छापलेली नाही.

डब्ल्यूटीओच्या स्थापना करारातलं कलम १२ दोन-तीन ओळींचं आहे. कोणताही देश, किंवा परदेश व्यापाराचे निर्णय स्वतः घेणारा स्वतंत्र जकात प्रदेश, आपसांत ठरतील त्या अटींवर सभासद होऊ शकतो, एवढंच त्यात म्हटलंय. अटी कोणत्या, कमाल किती मागायचं, किमान किती द्यायचं, यावर एक शब्द नाही. मतदानासाठी दोन तृतीयांश बहुमत लिहिलेलं आहे, पण प्रत्यक्षात निर्णय एकमताने होतो. म्हणजे आत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात कडी आहे. रशियाचा अर्ज १९९३ चा, सभासदत्व २२ ऑगस्ट २०१२ चं. शेवटच्या टप्प्यात जॉर्जियासारख्या छोट्या शेजाऱ्याने सीमेवरच्या जकात देखरेखीवरून ते अडवून धरलं होतं. स्वित्झर्लंडने मध्यस्थी करून २०११ मध्ये तोड काढली, तेव्हा गाडी पुढे सरकली.

पहिला कागद साधाच असतो. सरकार महासंचालकांना पत्र पाठवतं, जनरल कौन्सिल एक कार्यगट नेमतं आणि त्याला अध्यक्ष देतं. कार्यगटात हवा तो सभासद देश बसू शकतो. राजकारण आड आलं तर इथेच अडतं. इराणने १९९६ मध्ये अर्ज केला. अमेरिका पुन्हा पुन्हा आडवी आल्याने कार्यगट नेमायलाच २००५ उजाडलं. इराणने २००९ मध्ये आपल्या व्यापार व्यवस्थेचं निवेदन दिलं, तरी पुढे वर्षानुवर्षं कार्यगटाची बैठक झाली नाही. इराकचा कार्यगट २००४ चा. दोन बैठकांनंतर काम थांबलं, आणि तिसरी बैठक जुलै २०२४ मध्ये झाली.

दुसरा कागद म्हणजे परकीय व्यापार व्यवस्थेचं निवेदन. खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक उशिराचं मूळही इथेच. देशातले कर, जकातीचे दर, आयात परवाने, सरकारी व्यापार कंपन्या, किंमत नियंत्रण, शेतीला दिली जाणारी मदत, मालाची मानकं, पेटंट-ट्रेडमार्क, बँका, दूरसंचार, विमा, सगळं त्यात कायद्याच्या कलमांसह लिहायचं. सोबत ठरलेले तक्ते भरायचे. शेतीच्या मदतीचा तक्ता एसीसी-४, सेवांसाठी एसीसी-५, अन्नसुरक्षा आणि तांत्रिक मानकांसाठी एसीसी-८, बौद्धिक संपदेसाठी एसीसी-९. शिवाय मूळ कायदे इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये भाषांतरित करून द्यायचे. नेपाळी, ख्मेर किंवा अम्हारिक भाषेत कायदे असलेल्या देशाला नुसत्या भाषांतराचंच काम डोंगराएवढं होतं.

बिघडतं ते असं. निवेदन बाहेरचा सल्लागार लिहितो आणि कृषी, अर्थ, आरोग्य खात्यांनी ते वाचलेलंच नसतं. मग कार्यगटातले सभासद लेखी प्रश्न विचारतात. हे प्रश्न शेकड्यांनी असतात, मोठ्या देशाला हजारांनी. अर्थ खात्याचं उत्तर एक, जकात खात्याचं परिपत्रक भलतंच. जुन्या वाहनांवर जकात अधिकारी ठोक किंमत धरून कर लावतात ही गोष्ट निवेदनात नसते, पण तिथे माल पाठवणाऱ्या जपानी निर्यातदाराला ती पक्की माहीत असते. ती उघड झाली की विश्वास गेला, आणि पुढची प्रश्नांची फेरी दुप्पट लांबीची. आहे ते जसंच्या तसं लिहावं, नियमाविरुद्ध असलं तरी लिहावं आणि ते बदलण्याची तारीख द्यावी. हे पाळणारे देश लवकर सुटतात. त्यासाठी कायदे-बदलाचा एक तक्ताच मागतात: कराराची कोणती अट, सध्याचा कोणता कायदा, काय बदलणार, संसदेत कधी मांडणार. या तक्त्यातल्या तारखा हुकायला लागल्या की बैठका लांबतात.

यानंतर तीन वाटांनी एकाच वेळी काम चालतं. नियमांची चर्चा सगळ्यांसमोर, कार्यगटात. शेतीच्या मदतीची चर्चा निवडक देशांत. जकातीचे दर आणि सेवांचा सौदा मात्र दोघादोघांत, बंद खोलीत. अमेरिका, युरोपीय संघ, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे नेहमीचे मागणारे. शेजारी देश आणि भारतासारखे मोठे विकसनशील देशही मागायला बसतात, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

जकातीच्या सौद्यात दोन दर असतात आणि त्यांची गल्लत सगळीकडे होते. आज बंदरावर वसूल होतो तो लागू दर. ‘याच्या वर कधीच जाणार नाही’ असं लिहून दिलं तो बांधील दर. डब्ल्यूटीओत सौदा होतो तो बांधील दराचा. लागू दर १५ आणि बांधील दर ४० असेल, तर मधली २५ टक्क्यांची मोकळीक सरकारच्या हातात राहते. भाव पडले की जकात वाढवून शेतकऱ्याला सावरता येतं. उशिरा येणाऱ्या देशाकडून नेमकी हीच मोकळीक काढून घेतली जाते. भारताचा शेतीमालावरचा सरासरी बांधील दर सुमारे ११३ टक्के आहे. आपल्या शेजारचा, आपल्याहून कितीतरी गरीब नेपाळ २३ एप्रिल २००४ ला आत आला तो शेतीमालावर सुमारे ४२ टक्के सरासरी मान्य करून. २००७ मध्ये आलेल्या टोंगा या चिमुकल्या बेटाने १५ आणि २० टक्क्यांची कमाल मर्यादा मान्य केली.

यावर फार ओरड झाली. आधी २००२ मध्ये सर्वांत कमी विकसित देशांसाठी मोघम मार्गदर्शक सूचना आल्या, आणि जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा आकडे ठरले. अशा देशाकडून शेतीमालावर सरासरी ५० टक्के बांधील दर पुरे, बिगरशेती मालाच्या ९५ टक्के ओळींवर सरासरी ३५ टक्के पुरे, उरलेल्या ५ टक्के ओळी न बांधताही चालतील. सरासरी हा शब्द इथे सोन्याचा आहे. समजा शेतीमालाच्या ७०० ओळी आहेत. त्यातल्या ७० नाजूक ओळींवर, म्हणजे दूध, साखर, तेल, मुख्य धान्य यांवर, १४० टक्के बांधा. उरलेल्या ६३० ओळींवर ४० टक्के बांधा. सरासरी बरोबर ५० येते. ज्या देशाचा मुख्य वाटाघाटीकार हा हिशेब घरून करून जातो, तो शेतकऱ्याला वाचवून परत येतो. जो सगळ्या ओळींवर सरसकट ५० लिहून देतो, त्याला पुढे रडत बसावं लागतं.

आपणही रडून झालो आहोत. दुधाच्या भुकटीवर आपला जुना बांधील दर शून्य होता. गॅटच्या सुरुवातीच्या काळात तो दिला गेला तेव्हा आयातीवर परवान्यांची भिंत होती, म्हणून कुणाला तो टोचला नाही. ही भिंत पाडावी लागली, कारण अमेरिकेने भारताच्या आयातबंदीविरुद्ध तक्रार करून ती जिंकली. १ एप्रिल २००० ला ७१४ आणि १ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठले. भिंत पडणार हे दिसताच सगळ्यांना शून्य आठवला. सातारा-सांगलीच्या दूध संघांच्या दारात युरोपची अनुदानित भुकटी येऊन पडली असती. मग गॅटच्या कलम २८ खाली पुन्हा वाटाघाटी करून दर वाढवून घेतला: १०,००० टनांपर्यंत १५ टक्के, त्यावर ६० टक्के. पण बदल्यात दुसऱ्या वस्तूंवर सवलती द्याव्या लागल्या. कलम २८ चा कायदाच तसा आहे. एक दर वर नेलात तर ज्यांचा तोटा होतो त्यांना तेवढ्याच वजनाचं दुसरं काही द्या.

सोयाबीन तेलाची गोष्ट अजून तशीच आहे. पामतेलावर आपला बांधील दर ३०० टक्के, सोयाबीन तेलावर ४५. मिरज-वाळव्यातला किंवा कराड-पाटणचा सोयाबीनवाला भाव पडल्यावर आयात शुल्क वाढवा म्हणतो, तेव्हा सरकारला ४५ च्या वर जाता येत नाही, आणि सोयाबीन तेल स्वस्त राहिलं तर पामतेलावरचे ३०० कागदावरच राहतात, कारण दोन्ही तेलं एकाच कढईत पडतात. आत येणाऱ्या देशाने एक ओळ बांधताना तिला पर्यायी असलेली ओळही पाहिली पाहिजे, हे शिकायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

किरगिझस्तानची चूक वेगळ्या जातीची. अर्ज १९९६ चा, सभासदत्व २० डिसेंबर १९९८ चं. तीन वर्षांच्या आत. इतक्या घाईत दर फार खाली बांधले गेले. २०१५ मध्ये तोच देश रशिया-कझाकस्तानच्या युरेशियन आर्थिक संघात गेला, आणि त्या संघाचे सामाईक जकात दर त्याच्या बांधील दरांपेक्षा बऱ्याच ओळींवर वर होते. एका हाताने दिलेला शब्द दुसऱ्या हाताने मोडला, आणि भरपाईच्या वाटाघाटी मागे लागल्या. दहा वर्षांनी आपण कोणत्या गटात असू याचा अंदाज जकातीचा तक्ता भरण्याआधी घ्यावा लागतो.

आता शेतीची मदत. यात सांगली-साताऱ्याचा ऊस थेट अडकलेला आहे. हमीभावाच्या जातीची मदत मोजण्याचं सूत्र असं: सरकारने ठरवलेला भाव वजा स्थिर संदर्भ भाव, गुणिले त्या भावाला पात्र असलेलं उत्पादन. जुन्या सभासदांचा संदर्भ भाव १९८६-८८ चा. तेव्हाचे भाव आणि आजची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, यांची वजाबाकी केली तर आकडा अवाढव्य दिसणारच. विकसनशील देशाला त्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत सूट आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी तक्रार केली, आणि १४ डिसेंबर २०२१ च्या अहवालात पंचांनी निकाल दिला की २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने उसावर ही मर्यादा ओलांडली. पैसे कारखाना देतो, सरकार देत नाही, हा आपला युक्तिवाद पंचांनी मानला नाही. भारताने अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद असल्याने प्रकरण तिथेच लोंबकळलं.

नव्या देशाला या बाबतीत एक फायदा मिळतो, जो सहसा कुणी सांगत नाही. त्याचा संदर्भ काळ १९८६-८८ चा नसून निवेदनाआधीच्या अलीकडच्या तीन वर्षांचा असतो. त्यामुळे वजाबाकी लहान निघते. पण त्याच तीन वर्षांत सरकारकडे पैसे नव्हते म्हणून मदत कमी दिली असेल, तर तो कमी आकडाच पुढची मर्यादा ठरवतो. शिवाय सूट १० टक्केच मिळेल असं नाही. चीनला ८.५ टक्क्यांवर यावं लागलं. शेतमालाची निर्यात अनुदानं तर जवळपास सगळ्यांना शून्यावर बांधावी लागली.

नियमांच्या बाजूला बहुतेक ठिकाणी त्याच त्या गोष्टी अडतात, म्हणून त्या झटपट सांगतो. जकातीव्यतिरिक्त ‘सेवा शुल्क’ म्हणून मालाच्या किमतीच्या एक-दोन टक्के घेणं. गॅटच्या कलम ८ प्रमाणे शुल्क दिलेल्या सेवेच्या खर्चाइतकंच हवं, त्यामुळे टक्केवारी चालत नाही, ठरावीक रक्कम चालते. देशी दारूवर कमी आणि आयात दारूवर जास्त अबकारी, हे कलम ३ ला धरून नाही. बिलातली किंमत न मानता जकात खात्याने स्वतःचा भाव धरणं. आणि कायदा बदलल्यावर तो छापून, हरकतींना वेळ देऊन मगच लागू करण्याची सवय नसणं. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड.

मग येतात जुन्या सभासदांवर नसलेल्या अटी. चीनने ११ डिसेंबर २००१ ला आत येताना ८४ वस्तू सोडून बाकी सगळ्यांवरचा निर्यात कर रद्द करण्याचं कबूल केलं. असं बंधन भारतावर नाही, म्हणून आपण कांद्यावर निर्यात शुल्क लावू शकतो. चीनला मात्र औद्योगिक कच्चा माल आणि दुर्मीळ मृदा धातूंवरच्या निर्यात करांचे खटले २०१२ आणि २०१४ मध्ये हरावे लागले. कंबोडियाने पेटंट-कॉपीराइटचा करार २००७ पासून लागू करण्याचं मान्य केलं. तशाच इतर गरीब देशांना ती मुदत वाढत वाढत १ जुलै २०३४ पर्यंत मिळाली आहे. नेपाळवर बियाण्यांच्या वाणांच्या हक्कासाठी ‘यूपॉव्ह’ या आंतरराष्ट्रीय करारात सामील होण्याचा दबाव होता. तिथल्या शेतकरी संघटना आणि अभ्यासकांनी गलका केला आणि सरकारने राष्ट्रहिताच्या दृष्टीने विचार करू एवढ्यावर भागवलं. म्हणजे ‘नाही’ म्हणता येतं. पण ते म्हणण्यासाठी घरात आधी चर्चा झालेली असावी लागते आणि वाटाघाटीकाराच्या मागे कुणीतरी उभं असावं लागतं.

वीस वर्षं का लागतात याचं बरंचसं उत्तर यात आलंच. त्यात अधिकाऱ्यांच्या बदल्या, निवडणुका आणि युद्ध मिळवा. इथिओपियाचा अर्ज २००३ चा, अल्जीरियाचा तर १९८७ चा, गॅटच्या काळातला. उलट पूर्व तिमोरने २०१६ मध्ये अर्ज दिला आणि ३० ऑगस्ट २०२४ ला १६६ वा सभासद म्हणून तो आत आला. नऊ दिवस आधी आलेल्या कोमोरोसला सतरा वर्षं लागली होती. माझ्या मते फरक पडतो तो देशाच्या आकाराने नव्हे. पंतप्रधानांच्या कार्यालयाशी थेट जोडलेला, दर निवडणुकीनंतर न बदलणारा एकच मुख्य वाटाघाटीकार आहे की नाही, यावर बरंच अवलंबून असतं. वाणिज्य मंत्रालयातल्या एका कोपऱ्यातल्या कक्षाकडे हे काम सोपवलं, की अर्थ खातं त्याच्या पत्राला उत्तर देत नाही. गरीब देशाच्या अर्थ खात्याला जकात हा तिजोरीचा मोठा आधार असतो. मूल्यवर्धित कराची व्यवस्था आधी उभी केल्याशिवाय ते दर खाली आणायला हात लावू देत नाही, आणि त्यात त्याचं चूकही नाही.

सौदे संपले की डब्ल्यूटीओचं सचिवालय सगळे द्विपक्षीय करार एकत्र करून एकच तक्ता बनवतं. एका ओळीवर वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे दर मिळवले असतील तर सर्वांत कमी दर तक्त्यात जातो. तक्ता, कार्यगटाचा अहवाल आणि प्रवेशाचा करारनामा मिळून संच तयार होतो, मंत्रिपरिषद किंवा जनरल कौन्सिल त्याला मंजुरी देतं, देशाची संसद मान्यता देते, आणि मान्यतापत्र जमा केल्याच्या तिसाव्या दिवशी सभासदत्व सुरू होतं. इथेही पाय घसरतो. नेपाळ आणि कंबोडिया यांना सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनच्या मंत्रिपरिषदेत एकाच वेळी मंजुरी मिळाली. नेपाळने मार्चअखेरच्या मुदतीत कागद दिला. कंबोडियात निवडणुकीनंतर सरकारच बनेना, मुदत वाढवून घ्यावी लागली आणि सभासदत्व १३ ऑक्टोबर २००४ वर गेलं. वानुआतूचा संच २००१ मध्ये तयार होता. दिलेली आश्वासनं जड वाटून देशाने स्वतःच पाय मागे घेतला, आणि २४ ऑगस्ट २०१२ ला तो आत आला.

आत आल्यावर खर्चही आहे. वर्गणी जागतिक व्यापारातल्या वाट्याप्रमाणे, पण किमान ०.०१५ टक्के तरी, म्हणजे वर्षाला सुमारे ३० हजार स्विस फ्रँक. ती थकली तर टप्प्याटप्प्याने हक्क कमी होतात. वर्गणीपेक्षा माणसांचा खर्च मोठा. मानकांची आणि अन्नसुरक्षेची चौकशी केंद्रं चालवायची, प्रत्येक नवा नियम आधी कळवायचा, शेतीच्या मदतीचे आकडे भरायचे. खटला लढायची वेळ आली तर जिनिव्हातलं डब्ल्यूटीओ कायदा सल्ला केंद्र २००१ पासून गरीब देशांना अगदी कमी फीमध्ये वकील देतं. त्याचा उपयोग करून घेणारे देश थोडे, हे दुर्दैव.

आता तुमच्या मालाकडे वळू. एमएफएन, म्हणजे सगळ्या सभासदांना सारखीच वागणूक, हा पंगतीचा नियम. एकाने मागितलेला लाडू सगळ्यांच्या पानात वाढावा लागतो. नव्या देशाकडून बेदाण्यावरचा दर अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांसाठी खाली आणला, तरी तो सांगली-तासगावच्या बेदाण्यालाही मिळतो. उलट बाजूही ध्यानात ठेवा. तुर्कस्तानच्या बेदाण्यालाही तोच मिळतो. तुम्हाला वरचढपणा मिळत नाही, फक्त समान पान मिळतं.

यार्डात एक तक्रार हमखास ऐकू येते: अफगाणिस्तान डब्ल्यूटीओत आला आणि तिकडचा बेदाणा करमुक्त येऊ लागला. दोन गोष्टींचा इथे काला झालाय. अफगाणिस्तान २९ जुलै २०१६ ला डब्ल्यूटीओत आला हे खरं, पण त्यामुळे भारताच्या आयात शुल्कात काही बदललं नाही. बांधील दर त्याने दिले, आपण नव्हे. तिथला माल करमुक्त येतो तो साफ्टा या दक्षिण आशियाई करारातल्या गरीब देशांसाठीच्या सवलतीमुळे. चिनी माल अफगाणी म्हणून उतरवला जात असेल, तर उपाय उत्पत्तीच्या दाखल्याची तपासणी हा आहे. तो दिल्लीत आणि बंदरावर मागायचा असतो, जिनिव्हातल्या डब्ल्यूटीओत नाही.

हळदीचं भौगोलिक मानांकनही असंच. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळालं, आणि त्यामागचा १९९९ चा कायदा डब्ल्यूटीओच्या बौद्धिक संपदा करारामुळेच करावा लागला. पण नवा देश सभासद झाला म्हणून तिथे ‘सांगली हळद’ आपोआप सुरक्षित होत नाही. कराराचं कलम २४ सांगतं की मूळ देशात संरक्षण नसेल तर इतरांवर बंधन नाही. मूळ देशात ते मिळाल्यावरही प्रत्येक बाजारपेठेत तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळा वकील लागतो. जिथे खरोखर माल जातो तेवढेच दोन-तीन देश निवडा.

आणि जकात शून्य झाली तरी प्रयोगशाळा आडवी येऊ शकते. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे. जकातीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. डब्ल्यूटीओचा अन्नसुरक्षा करार देशाला स्वतःची मर्यादा ठरवू देतो, शास्त्रीय आधार असावा एवढीच अट. म्हणून नव्या देशाने अन्नातल्या औषध-अंशांच्या मर्यादांचा कोणता नवा कायदा केला, तो प्रवेशाच्या संचात सापडतो आणि जकातीच्या तक्त्याइतकाच बारकाईने वाचायचा असतो. हळदीत शिसं आणि कीटकनाशकांचे अंश, बेदाण्यात गंधकाची धुरी आणि कीटकनाशकं, या ओळी आधी पाहा.

तक्ता वाचायची पद्धत सोपी आहे. डब्ल्यूटीओच्या संकेतस्थळावर प्रत्येक सभासदाचं माल-वेळापत्रक असतं. त्यात सहा अंकी कोड शोधा, पण आधी वेळापत्रक कोणत्या सालच्या एचएस, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय कोडांच्या, वर्गीकरणात आहे ते पाहा. दर पाच-सहा वर्षांनी कोड बदलतात, आणि जुना कोड नव्या यादीत शोधला तर चुकीची ओळ हाती लागते. पहिला आकडा प्रवेशाच्या दिवशीचा बांधील दर, दुसरा अंतिम दर, तिसऱ्या रकान्यात तो कोणत्या वर्षी लागू होतो ते. त्यापुढे ‘इतर शुल्कं’ असा रकाना असतो. तो रिकामा किंवा शून्य असेल आणि तरी तिथल्या आयातदाराकडून जकातीव्यतिरिक्त एखादा आयात अधिभार घेतला जात असेल, तर त्याची पावती मागवून ठेवा. वाणिज्य मंत्रालयाकडे तक्रार नेताना तोच कागद लागतो.